समुद्राकाठी नेलेली चटणी

मंगळवार, ३ फेब्रुवारी १९५३
निघालो एकदाचे! हुसेन मिस्त्रीने लढाईतल्या जुन्या लॉरीवर लाकडी खोली चढवली आहे — दोन बाकं, स्टोव्ह, खिडक्यांना पडदेसुद्धा. बघायला कोल्हापुरातली आमची सगळी गल्ली लोटली. "मास्तर, घरच घिऊन निघालासा की!"

हिच्या दम्यावर आता समुद्राची हवा हाच उपाय, महिनाभर बघा, असं डॉक्टर म्हणाले. नऊ वर्षं ही उशीला टेकून बसून झोपते. मला बघवत नाही.

स्वयंपाक माझ्याकडे. कोकणात आपल्यासारखं जेवण कुठलं? कांदा-लसणाच्या चटणीचे, म्हणजे आमच्या लाल तिखटाचे, दोन डबे घेतले.

५ फेब्रुवारी
फोंडा घाट उतरलो. वळण आलं की हुसेन "या अल्ला" म्हणतो, ही "अंबाबाई". मी बाकाची कड घट्ट धरून — भीती तिघांत मलाच जास्त. शेवटचे तीन मैल रस्ता नव्हताच.

६ फेब्रुवारी
समुद्र! ही चपला हातात घेऊन उभीच राहिली. "अहो, एवढं पाणी असतं?" तीस वर्षं भूगोल शिकवलेला मी, चपला काढून तिच्याशेजारी उभा राहिलो.

९ फेब्रुवारी
खोकला वाढला. वाऱ्याने स्टोव्ह विझतो, म्हणून खिडक्या घट्ट लावून तांबडा रस्सा केला. झक्क झाला! हिने दोनच घास खाल्ले. डॉक्टरला काही कळत नाही.

१२ फेब्रुवारी
किनाऱ्यावर आमच्या शेजारीच घर असलेली कोळीण तानाबाई बांगडे घेऊन आली. मी चटणीची फोडणी टाकत होतो. दार उघडलं आणि बाई शिंकून शिंकून बेजार.

"गो बाये, समुद्राचो वारो काय करतलो? तुझो खोकलो ह्या डब्यात आसा!"

मी भडकलो. म्हटलं, आमच्यात पोरंसुद्धा चटणी-भाकरीवर वाढतात! हुसेन तोंड फिरवून हसत होता.

"मास्तर, बाईचं खरं हाय. माझंबी डोळं रोज गळत्यात. तुमी एवढ्या मायेनं वाढताय, म्हणून बोललो न्हाई."

१३ फेब्रुवारी
चटणी बंद. खिडक्या सताड उघड्या. नारळाचं पांढरट कालवण. अगदीच मिळमिळीत! जेवलो.

२० फेब्रुवारी
चार दिवस खोकला नाही. ही आडवी होऊन झोपते. आज तानाबाईबरोबर वाळूत मासे वाळत घालत होती आणि मोठ्याने हसत होती. फार बरं वाटलं. इतकं बरं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

२५ फेब्रुवारी
आज डोक्यात लख्ख उजेड पडला. कोल्हापुरात घराच्या परसाला लागून डंक आहे, चटणी कांडायची गिरणी. सुरू होऊन नऊ वर्षं झाली! दिवसभर तिखट उडतं. आम्हाला तो घरचाच वास वाटायचा. मी गाढवासारखा औषधं बदलत बसलो.

हिला सांगितलं. म्हणाली, "घर तुम्ही हौसेनं बांधलंय. मी सोसीन की."

सोसीन! आजवर तेच तर केलं. मला रडू आलं. तिच्यासमोरच.

गुरुवार, ५ मार्च
तानाबाईच्या पडवीत बिऱ्हाड मांडलं. हुसेन रिकामी लॉरी घेऊन कोल्हापूरला गेला. घराची किल्ली त्याच्याजवळ दिली — गिऱ्हाईक बघ म्हणालो.