आतून जपानी

३ जून
निर्णय झाला. आजपासून मी जपानी. लातुरातलं भांड्यांचं दुकान, लिंगायत घर, हे सगळं वरवरचं. बाई की पुरुष हे ज्याचं त्याला आतून कळतं, असं लेक दामिनी मागे पुण्याहून फोनवर म्हणाली होती. मग वंशाचं का नाही? स्वच्छता, वेळ पाळणं, कमी बोलणं. मी पहिल्यापासून असाच आहे.

४ जून
लेकीला कळवलं. म्हणाली, अप्पा, ती वेगळी गोष्ट. वंश पिढ्यांकडून येतो, जपान्यांनी सोसलं ते तुम्ही कुठं सोसलंत? मी म्हणालो, किल्लारीच्या भूकंपात महिनाभर अंगणात झोपलोय. तिने फोन ठेवला. मुद्दा पटला असावा.

६ जून
गिऱ्हाइकाला कमरेत वाकून नमस्कार केला. म्हणाला, कंबर धरली का मालक? तेलाचं नाव सांगून गेला. कुकर न घेता. संध्याकाळी जपानी पद्धतीने गुडघे मोडून बसलो. उठवायला शेजारचे अण्णाराव आले.

८ जून
घरी सांगितलं, यापुढे जपान्यांसारखं मानाने गुरुबसप्पा-सान म्हणायचं. बायको म्हणाली, सान तर तुमी हायतच, येगळं काय म्हणायचं. ठेचा बंद, असंही जाहीर केलं. रात्री घेतला थोडा. जपानातही काहीतरी तिखट असतंच.

९ जून
भाकरी थापता थापता बायकोने विचारलं, असं खरंच बदलता येतं का? म्हटलं, हाव, नुसतं ठरवायचं. म्हणाली, मग मी आजपासून गौरम्मा.

भालकीला, माहेरी, ती गौरम्माच होती. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने मी ‘उज्ज्वला’ लिहिलं. मॉडर्न वाटलं म्हणून. तिला विचारलं नव्हतं. पण ती रीत आहे. ती वेगळी गोष्ट.

११ जून
उज्ज्वला म्हणून हाक मारली तर ओ देत नाही. चहाही नाही. समजावलं, या वयात असं नाव बदलत नसतात, लोक काय म्हणतील, आधार कार्डाचं काय? म्हणाली, जपान्याला आधार कार्ड कोनी दिलं?
दुकानाकडे निघालो. कमी बोलणं.

१२ जून
सकाळी हळूच म्हणालो, गौरम्मा. लगेच बाहेर आली. इतकी खुशीत तिला कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. मला वाईट वाटलं. चहा चांगला झाला होता.

दुपारी भालकीहून तिची लहानपणची मैत्रीण आली. दारातच विचारलं, गौरम्माचं घर हेच का, अन् तुमी कोन?

तिचा नवरा, म्हणालो. जपानचं सांगायचं राहून गेलं.