मधले ओठ

मंगळवार, ४ फेब्रुवारी

नवा टीव्ही आला. भिंत भरली. जावई खूश. हातात रिमोट, पायात एकच चप्पल! "बाबा, बघा, चित्र कसं लोण्यासारखं सरकतंय!" सरकतंय खरं. सिनेमातली माणसं नाटकातल्यासारखी दिसतात. जवळची आणि खोटी. मी "वा" म्हणालो.

अडचण वेगळीच आहे. ओठ वाचता येत नाहीत.

बुधवार, ५

इथे तरी लिहावं. उजवा कान गेला. डावाही आता गेल्यातच जमा. घरात कुणाला सांगितलेलं नाही, ओठांवर निभावतोय. सांगितलं की नातीला, मिरचीला, शाळेतून आणायचं काम जाणार. वाटेत मोठा रस्ता आहे. बहिऱ्या म्हाताऱ्याच्या हाती नात कोण सोपवेल? मीही सोपवली नसती.

डोळे शाबूत आहेत. दोन्हीकडे बघून मगच पाऊल टाकतो. पण दिवसात तेवढाच वेळ मी कुणाच्या उपयोगाचा असतो. तेवढा राहू दे.

शनिवार, ८

जावयाला विचारलं, चित्र असं का दिसतं? ओठांचं बोललो नाही. त्याने हौसेने सांगितलं – चित्र तुटक वाटू नये म्हणून दोन चित्रांच्या मधलं चित्र टीव्ही स्वतःच तयार करतो.

म्हणजे मधले ओठ टीव्हीचे. कुणीच न बोललेले!

आयुष्यभर वर्गात सांगत आलो – दोन ओळींच्या मधलं वाचा. घ्या आता.

"बंद नाही का करता येत?"

"येतं की. पण बाबा, त्याच्यासाठीच तर हा घेतला!"



रविवार, ९

जावयाने टीव्हीखाली लांबट स्पीकर बसवला. बारीक वायर, टोकाला लाल उजेड. टीव्हीचा स्वतःचा आवाज बंद. आता सगळा आवाज त्या वायरीतून स्पीकरला जाणार. "फरक कळतो ना, बाबा?"

"जमीन-अस्मानाचा," मी म्हणालो.

त्याचा चेहरा फुलला. भला माणूस आहे. अशा माणसाशी खोटं बोलायला लागतं, याचं वाईट वाटतं.

सोमवार, १०

पचका झाला!

संध्याकाळी एकटाच विनोदी मालिका बघत होतो. ओठ धूसर, पण हातवारे बोलके. एका जागी जोरात हसलो. मुलगी कपड्यांच्या घड्या घेऊन दारात उभी. "काय बोलतो हा!" मी म्हणालो. ती समोर आली. तिचे ओठ स्वच्छ दिसले.

"बाबा, स्पीकर बंद आहे. आवाजच नाहीये."

सांगून टाकलं – मला ऐकू येत नाही, ओठ वाचतो. पहिल्यांदाच मोठ्याने म्हणालो. तेही मला ऐकू आलं नाही.

ती रडली नाही. घड्या माझ्या मांडीवर ठेवल्या आणि शेजारी बसून राहिली.

जेवणानंतर जावयाने रिमोट घेतला. बराच वेळ खुडबुड. मग बातम्या लावल्या. बाईचे ओठ पूर्वीसारखे, एकेक अक्षर सुटं! तो माझ्यासमोर येऊन बसला. "लोणी बंद केलं. आता वाचा. आणि परवा कानाच्या डॉक्टरांकडे जायचं. नाटकं नकोत."

"आणि कालचा जमीन-अस्मानाचा फरक?" डोळे मिचकावून विचारलं त्याने.

हसलो. काय नशीब काढलंय मी!

शाळेचं कुणी काही बोललं नाही. मीही विचारलं नाही.

मंगळवार, ११

शाळेला निघालो तर मुलगीही चपला घालून तयार. मनात म्हटलं, संपलं.

येताना रस्त्याच्या कडेला तिने मला आणि मिरचीला पुढे केलं. स्वतः मागे उभी राहिली. मी दोन्हीकडे बघितलं. मिरचीने माझं मनगट पकडलं, डोळे मिटले, मान जराशी कलती केली. मग मनगट दाबलं. आम्ही ओलांडलं.

पलीकडे मुलीने तिला विचारलं, "हे काय होतं गं?"

"आजोबा बघतात, मी ऐकते. कधीपासूनच."

मला वाटायचं, पोर लाडाने हात दाबते.

मुलगी माझ्यासमोर आली, मला नीट दिसेल अशी. "उद्यापासून मी येत नाही. तुम्ही दोघं या."