दहापैकी दहा बाटल्या

३ नोव्हेंबर २०२५

चार ओळी! माझ्या आयुष्यभराच्या कामाची पद्धत मी चार ओळींत उरकली आहे म्हणे. सांगणारी क्षिप्रा, पनवेलला पीएचडी करते. घरी आली, चहा नको म्हणाली आणि माझा अठ्ठ्याण्णवचा पेपर पुढ्यात ठेवला. उरणच्या खाडीतला चिखल, खारं पाणी, वर तेलाचा तवंग – आठ दिवसांत चिखलातले जिवाणू तेल खाऊन टाकतात. माझ्या दहापैकी दहा बाटल्या स्वच्छ झाल्या होत्या. तिच्या दरवेळी चारच होतात. तीन वर्षं हेच चाललंय. तिचे सर म्हणतात, तुझा हातच चांगला नाही.

तिला सगळं हवंय. बूच कसं लावलं, बाटल्या कोणी धुतल्या, इथपर्यंत! नेटवर सगळ्यांना वाचता येईल असं टाकू म्हणाली, म्हणजे तिच्यासारखे आणखी कोणी अडकणार नाहीत. मी जरा फटकूनच बोलले. आमच्या काळी असं कोणी विचारत नसे.

५ नोव्हेंबर

दोन दिवस तिचा चेहरा डोळ्यांपुढून जात नाही. शेवटी माळ्यावरून जुन्या वह्या काढल्या. आकडे सगळे माझ्या अक्षरात, सुबक. पण चिखल कुठला, किती खोलवरचा, काही नाही. लिहिणार कुठून? ते सगळं भिमाबाई करायच्या.

भिमाबाई आमच्या लॅबच्या मदतनीस, उरणच्या. साडीचा काष्टा मारून खाडीत उतरायच्या, चिखल आणायच्या, बाटल्या भरून मागच्या अंधाऱ्या खोलीत ठेवायच्या. आठव्या दिवशी मी पोचायच्या आत दहा बाटल्या माझ्या टेबलावर ओळीने मांडलेल्या असत. मी फक्त तपासायची आणि लिहायची. किती सुखाचे दिवस होते ते! दुपारी डबा एकत्र – त्यांचं सुकट, माझी मेथी. मेथी त्यांना बिलकुल आवडायची नाही, तरी खायच्या.

पेपरात त्यांचं नाव नाही. आभारातसुद्धा नाही. आज लाज वाटली.

९ नोव्हेंबर

उरणला जाऊन आले. वीस वर्षांनी भेटलो! भिमाबाई थकल्यात, गुडघे गेलेत, पण मला दारातच ओळखलं. किती वाळलात म्हणून रागावल्या आणि आधी जेवायला बसवलं. मग अंगणात बादलीभर चिखल मागवून सगळं करून दाखवलं. चिखल ओहोटीचाच घ्यायचा, हात कोपरापर्यंत घालून खालचा काढायचा. शिंपले बोटांनी वेचायचे. बूच अर्धं सैल. त्यांचे हात अजून तसेच भराभर चालतात! मी मोबाइलवर सगळं टिपलं.

आमच्या वेळची निम्मी खाडी बुजली, तिथे कंटेनरची गोदामं झालीत. त्या लांबूनच बोट दाखवून सांगत होत्या, आपण कुठे उतरायचो ते. निघताना दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं.

१० नोव्हेंबर

व्हिडिओ क्षिप्राला पाठवला. आता जमणारच!

२० नोव्हेंबर

नाही जमलं. पोरीने अगदी भिमाबाईंसारखं केलं. चार. परत चारच! सोमवारी पीएचडी सोडण्याचा अर्ज देणार आहे. फोनवर रडलीसुद्धा नाही. "मॅडम, तुमचं काही चुकलं नाही. माझाच हात वाईट."

आणि माझ्या मनात काय यावं? निदान माझे आकडे तरी शाबूत राहिले! शी. स्वतःचीच चीड आली.

२१ नोव्हेंबर

शेवटचं म्हणून भिमाबाईंना फोन केला. काही सांगायचं राहिलंय का? पोरीचं सगळं शिक्षण वाया जातंय. त्या म्हणाल्या, "मी पंचवीस भरायची, म्याडम. त्यातल्या धा साफ व्हायच्या, त्या तुमच्या टेबलावर. बाकीच्या तुमी यायच्या आदी धुऊन टाकायची. पावन्याला करपलेली भाकरी वाढतान का कोन? तुमाला वाईट वाटला असता."

पंचवीसांत दहा. म्हणजे दहात चार. पोरीचा निकाल पहिल्या दिवसापासून बरोबर होता, चूक माझा होता! लगेच तिला फोन करून सांगितलं, अर्ज फाडून टाक. सगळी पद्धत माझ्या नावानिशी नेटवर टाकली, त्या पंधरा बाटल्यांसकट. वर भिमाबाईंचं नाव, त्यांना विचारून.

त्यांच्यावर रागवावं म्हटलं, तर राग येत नाही. माझं मन इतकं जपणारं नंतर कोणी भेटलंच नाही.