एका भिंतीवर दोन निशाण्या

आबा, ओढ्यावरच्या नव्या पुलाचा स्लॅब ओतून पंधरा दिवस झाले. वर पोती अंथरून पाणी मारायलेत. ट्रॅक्टरला अजून बंदी हाय, पण माझी नात सकाळपासून चार वेळा पलीकडं जाऊन आली, दप्तर न घेता, उगंच. ओरडून ओरडून माझा घसा बसला. ती वर तोंड करून म्हणती, "आजे, चप्पल भिजली न्हाई बघ!" मग मी बी गेले. पलीकडं काही काम नव्हतं. गेले, उभी राहिले, परत आले. आणि वाटलं हे तुमाला सांगावं. तुमी जाऊन वीस वरसं झाली, पण ह्या पुलाचं नाव माझ्याइतक्या वेळा दुसऱ्या कोणी लिहिलं असंल तर ते तुमीच.

इलेक्शन आलं की भिंती रंगवता रंगवता तुमाला जेवायला फुरसत नसायची. सकाळी छत्रीवाले यायचे, दुपारी कपबशीवाले. दोघांच्या बी चिठ्ठीवर तेच. ओढ्यावर पूल, घरोघर पाणी, चोवीस तास वीज. मी रंगाचा डबा धरून तुमच्या मागं. एकदा मी विचारलं, "आबा, दोघं बी एकच बोलतेत, मग भांडतेत कशाला?" तुमी निळीत भिजवलेली सुतळी भिंतीवर ताणली, झटका मारला, सरळ रेघ उठली आणि म्हणले, "गप. डबा नीट धर." माझी शाळा तिसरीतच सुटलेली. पावसाळ्यात ओढा भरला की दोन-दोन महिने जाता यायचं न्हाई, आणि आई म्हणायची, पोरगी वाहून गेली तर मास्तर आणून देणार हाय का. म्हणून मला जे अक्षर आलं ते तुमच्या भिंतीवरून आलं. अजून बी लग्नाच्या पत्रिकेत मी अडखळते, पण 'प्रचंड बहुमतांनी विजयी करा' एका दमात वाचते.

तो दिवस तुमाला आठवत असंल. पिठाच्या गिरणीची भिंत छत्रीवाल्यांची, सोसायटीच्या गोदामाची कपबशीवाल्यांची. उमेदवार ठरायचे होते म्हणून नावाची जागा कोरी ठेवलेली. अक्षरं तुमी काढली, आणि निशाण्या माझ्यावर सोपवून लिंबाखाली भाकर खायला बसले. पत्र्याचे दोन साचे माझ्या हातात. मी गिरणीवर कपबशी उठवली अन् गोदामावर छत्री. चार दिवस कोणालाच पत्ता न्हाई! छत्रीचा पुढारी तर गिरणीपुढं खुर्चीवर चढून, डोक्यावर ही एवढी कपबशी, अन् म्हणतो, "माझ्या मागं लिहिलंय ते आमी करून दाखवू." लोकांनी टाळ्या दिल्या. पाचव्या दिवशी गिरणीवाल्याच्या ध्यानात आलं आणि दोन्हीकडचे लोक तुमच्या अंगावर आले. "पेंटर, भांग पिऊन रंगवतो का?" तुमी माझं नाव घेतलं न्हाई. भर उन्हात दोन्ही भिंतींना चुना मारून सगळं परत काढलं. पाठ भाजून लाल झाली होती. घरी आल्यावर मला वाटलं आता फोडतेत. तुमी इतकंच म्हणले, "निशाणी चुकली तर चुकली. पण साचा हलवलास, कपबशीचा कान वाकडा आला. त्याची मला लाज वाटली." आणि तुमचा बारका कुंचला माझ्यापुढं ठेवला. "हा आता तुझा."

तोच कुंचला मागच्या इलेक्शनात काढला. मी तुमची एकुलती, आपलं घर माझंच झालं, आणि ओढ्याकडून येणाऱ्याची पहिली नजर आपल्याच भिंतीवर पडती. छत्रीवाला पोऱ्या आला. "मावशी, भिंत पायजे." म्हणलं, लिहिणार काय? "ओढ्यावर पूल." दुपारी कपबशीवाला. तो बी पूलच. म्हणलं, सकाळी बी हाच पूल येऊन गेला. तर म्हणतो, "मावशी, त्यांचा पूल निस्ता तोंडानं हाय. आमचा जोडरस्त्यासकट हाय." माझं टाळकंच फिरलं. आता गावात चौथीपर्यंत शाळा हाय, पण नात पाचवीला पलीकडच्या शाळेत जाणार होती. तिसरीतून घरी बसलेली एक बाई ह्या घरात बास हाय. मी दोघांना बी सांगितलं, भिंत एक, ओढा एक, तर पूल बी एकदाच लिहायचा. मीच लिहिणार. मधोमध लिहिलं, 'कोणी बी निवडून येवो, ओढ्यावर पूल होणार.' डाव्या अंगाला छत्री, उजव्या अंगाला कपबशी, खाली दोन सह्यांची जागा.

झरी गावच्या बाजाराच्या दिवशी दोन्ही उमेदवारांच्या गाड्या एकाच वेळी गावात शिरल्या. सगळ्या बायका भिंतीपुढं उभ्या. छत्रीवाला म्हणतो, "त्यांनी केली की मी करतो." कपबशीवाला म्हणतो, "आधी त्यांना करू द्या." मी म्हणलं, "लग्न न्हाई लागायलं मागं-पुढं व्हायला. दोन कुंचले हायेत, दोघं एकदम करा." बायका फिदीफिदी हसल्या. केली. एकाच्या सहीचा रंग ओघळून पार खाली आला.

छत्री आली, कपबशी पडली. पडलेला माणूस बाजाराला आपल्याच भिंतीपुढून जायचा. दर वेळी आडवी व्हायची मी. "दादा, सही तुमची बी हाय." "मावशी, मी पडलोय की!" "तुमी पडलात, सही उभीच हाय." शेवटी बेजार होऊन तोच निवडून आलेल्याच्या मागं लागला, अर्ज घेऊन हापिसात बसायला लागला. मी दर पोळ्याला अक्षरांवरून कुंचला फिरवत राहिले, पावसानं एक काना बी पुसू दिला न्हाई. आता पुलाच्या ह्या टोकाला छत्रीचा फ्लेक्स, त्या टोकाला कपबशीचा. दोन्हीवर 'आमच्याच प्रयत्नांना यश'. नात ह्या टोकाला वाचती, पळत जाऊन त्या टोकाला वाचती, अन् पोट धरून हसती. वाचती मात्र न अडखळता.

हे वहीचं पान कुठं टाकायचं न्हाई, कुंचल्याच्या डब्यातच ठेवते. पण लिहिलंच हाय तर एक सांगून टाकते. निशाण्या माझ्या चुकल्या न्हवत्या, आबा. तुमी गप म्हणले म्हणून मीच बघायचं ठरवलं, कोणाला फरक कळतो का. तुमची पाठ भाजली तवा सांगायची हिंमत झाली न्हाई. कपबशीचा कान वाकडा आला, तो मात्र खरंच चुकून.