शेवटच्या भागातली हाक

ता. ३ मार्च

ती. आत्यास सा. न. वि. वि.

आम्ही बरे आहोत असं लिहिलं होतं, ते खोडलं. बाबा बरे नाहीत. ताप वगैरे काही नाही, घाबरू नकोस.

त्या हॉस्पिटलच्या मालिकेचा शेवटचा भाग परवा झाला. आई गेल्यापासून बाबा आठवड्यात तेवढा एक तास बोलायचे, तेही त्या डॉक्टरांना नावं ठेवायला. शेवट अगदीच टुकार निघाला. वर्षभर बेशुद्ध असलेल्या बाईला नवऱ्याने नावाने हाक मारली आणि ती उठून बसली, केससुद्धा न विस्कटता! मी हसले. बाबा हसले नाहीत. त्यांनी विचारलं, की मी हिला नावाने हाक मारायला हवी होती का.

आत्या, त्यांनी आईचं नाव कधी घेतलंच नाही. नुसतं अगं. ती बेशुद्ध असताना खाटेशी बसूनही अगं, अगं एवढंच. आता जेवताना मधेच थांबतात. तसं काही नसतं, असं मी म्हटलं. पण मला तरी काय कळतं? तू जन्मभर नर्स होतीस, शेवटपर्यंत आईपाशी होतीस. खरं ते लिही. आम्हाला बरं वाटावं म्हणून लिहू नकोस.

माझ्यावर रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी भाची

ता. ९ मार्च

चि. काळजीबाईस अ. आ.

गुडघे सोडले तर मी ठणठणीत. ती मालिका मीही बघते. त्या नायिकेने माझ्या वॉर्डात तशी पट्टी बांधली असती, तर सोडून पुन्हा बांधायला लावली असती.

खरं हवं ना? वहिनीच्या मेंदूत रक्तस्राव झाला होता. ती कुणाच्याच हाकेने उठणार नव्हती. नावाने हाका डॉक्टरांनी मारल्या, नर्सनी मारल्या, खांदा हलवून, मोठ्याने. शुद्ध तशीच तपासतात. तिची पापणी हलली नाही. तिला ऐकू येत होतं का, ते मला ठाऊक नाही, आणि ठाऊक आहे असं लिहिणार नाही. पण त्या खोलीत तिला अगं म्हणणारा एकच माणूस होता. ऐकू येत असेल, तर तेवढंच घरचं.

हे वाचून दाखव त्याला. ऐकत नसेल तर थोरल्या बहिणीचा हुकूम म्हणावं. दोघं वेळेवर जेवा, म्हणजे माझ्यावर माया आहे असं मी समजेन.

तुझी आत्या

ता. १६ मार्च

ती. आत्यास सा. न. वि. वि.

पत्र वाचून दाखवलं. रक्तस्रावापाशी मी अडखळले, तर बाबांनी पुढे वाच म्हटलं. नंतर नुसते चष्मा पुसत बसले. आपण वाचायला नको होतं की काय, या विचाराने मला चैन पडेना.

काल मालिकेच्या वेळेला टीव्ही बंद होता. मी भांडी विसळत होते. अगं, अशी हाक आली. मला बोलावताहेत असं वाटून ओल्या हातांनीच दारापर्यंत गेले. त्यांनी आपली खुर्ची आईच्या खुर्चीकडे वळवली होती. मालिका किती टुकार संपली, ते तिला सांगत होते. ती बाई कशी उठून बसली, इथवर आले आणि थांबले.

मी आत गेले नाही. मागे फिरून नळ मोठा सोडला, मला ऐकू येतंय असं त्यांना वाटू नये म्हणून.

गुडघ्यांना जप. दोघांवरही माया असू दे.

तुझी भाची