जाळीखाली काय निघालं

३ फेब्रुवारी

चि. खिळ्यास अनेक आशीर्वाद.

त्रेसष्ट वर्षांच्या माणसाला खिळ्या म्हणणं शोभत नाही असं तुझी बायको म्हणते. पण ज्याने सहाव्या वर्षी घरातल्या सगळ्या खुर्च्यांचे खिळे उपटले, त्याला दुसरं काय म्हणायचं? फोनच केला असता, पण तू पाणीपुरवठ्याच्या पंपघरात कान ठेवून आलास, तेव्हा आपला कागदच बरा.

काम तुझ्याच हातचं आहे. भांडी धुण्याचं मशीन बंद पडलंय. पाणी आत येतं, फवारे उडतात, पण शेवटी घाण पाणी बाहेर जातच नाही. तळाशी डबकं साचतं आणि सगळ्या स्वयंपाकघराला वास येतो. दुरुस्तीवाला आला, वरवर बघून पंप गेला म्हणाला आणि पुन्हा फिरकला नाही.

डिसेंबरात सूनबाई तिच्या आईच्या आजारपणासाठी पंधरा दिवस गेली होती, तेव्हाच ते बसलं. ती आल्यावर मी काय ते स्पष्ट बोलले. शेजारीण समोर बसली होती, पण खरं बोलायला मला कुणाची चोरी? म्हटलं, जशी ही तसं हिने आणलेलं मशीन, आवाज फार आणि काम शून्य. खरकटं न काढता ताटं कोंबायची, मग पंप बसणार नाही तर काय. ती एक अक्षर बोलली नाही. जानेवारीत दोघांनी बाजाराच्या पलीकडे घर घेतलं आणि गेली. ऑफिस जवळ पडतं, असं चिरंजीवांचं म्हणणं. मी काय दूधखुळी आहे?

माझ्याकडून काही आत जाणं शक्यच नाही. मी प्रत्येक भांडं तारेच्या घासणीने लख्ख घासते आणि मगच आत लावते. तेव्हा आत हिचंच काहीतरी असणार, हाडूक, बी, नाहीतर काचेचा तुकडा. ते उघडायचं कसं एवढं मला लिहून कळव. जे निघेल ते कागदात बांधून मी त्या दोघांसमोर ठेवणार आहे. घर मोडल्याचा ठपका माझ्यावर आहे, तो मला पुसायचाय.

तुझ्या गुडघ्याचं काय? पत्र लवकर टाक. आळशीपणा सोडून माझ्यावर असेल तेवढी माया ठेव.

तुझी ताई

---

१० फेब्रुवारी

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

गुडघा जागच्या जागी आहे, फक्त हलत नाही. तुझं पत्र बायकोला वाचून दाखवलं. पंपाचा पंचनामा करायला निघालेली बाई पहिल्यांदाच पाहिली असं ती म्हणाली.

आता नीट वाच. पाणी काढायच्या वेळी पंप घुमतो की गप्प बसतो ते आधी कान देऊन ऐक. तुझे कान शाबूत आहेत. गप्प असेल तर वीज पोचत नाही, तिथे तू हात घालू नकोस. घुमत असेल आणि पाणी हलत नसेल, तर पंख्यात काहीतरी अडकलंय. मागची नळी भिंतीशी दबली नाही ना, तेही पाहून घे.

मग प्लग काढ. बटण बंद केलं म्हणजे झालं असं नाही, प्लगच काढ. तळाचं पाणी स्पंजने टिपून घे. खालचा ट्रे ओढला की मधोमध गोल जाळी दिसेल, ती डावीकडे फिरव, निघून हातात येईल. तिच्याखाली वाटीएवढा खड्डा आहे. खड्ड्यात बाजूला प्लास्टिकचं झाकण असतं, ते उचल. आत अंगठ्याएवढा पंखा. तो लाकडी चमच्याच्या दांड्याने फिरवून बघ. झटके देत फिरला तर घाबरू नकोस, त्यात चुंबक असतं, तो तसाच फिरतो. अजिबात फिरला नाही तर तुझा गुन्हेगार तिथेच बसलाय. रबरी हातमोजे घाल. काच असेल तर बोट कापेल आणि तो ठपकाही सूनबाईवर येईल.

एक विचारू? भांडी लख्ख घासूनच लावायची, तर मशीन धुतं काय? रागावू नकोस, धाकट्याची सवय.

लोभाला गंज चढू देऊ नकोस.

तुझा,
खिळ्या

---

१८ फेब्रुवारी

चि. खिळ्यास आशीर्वाद.

तुला माहीत होतं. तुझा तो शेवटचा प्रश्न मी तेव्हा थट्टा म्हणून सोडून दिला.

पंप घुमत होता. नळी ठीक होती. प्लग काढला, पाणी टिपलं, जाळी फिरवली. जाळी निघते हे मला तीन वर्षांत ठाऊकच नव्हतं. मी चष्मा लावून, शेजारी जुना पेपर पसरून बसले होते, पुरावा ठेवायला. जाळीत खरकट्याचा एक कण नव्हता. झाकण उचललं. पंख्याभोवती तारा गुंडाळल्या होत्या, केसासारख्या बारीक, काळ्या पडलेल्या. चिमट्याने ओढता ओढता सुपारीएवढा गुंडा निघाला. माझ्या घासणीच्या तारा, खिळ्या. या घरात दुसरं कुणीच घासणी वापरत नाही. सूनबाई तर स्पंजने भांडी पुसायची, त्यावरूनही मी तिला बोलायचे.

कागदात बांधायला निघाले होते, ते बांधलंय. डब्यांच्या मागे ठेवलंय. गुंडा काढल्यावर पंखा तू म्हणालास तसा झटके देत फिरला. प्लग लावून बघितलं, सगळं पाणी सरसर निघून गेलं. मला आनंद व्हायला हवा होता, पण मी तिथेच फरशीवर बसून राहिले.

उचलली जीभ लावली टाळ्याला, असं आई मला लहानपणी म्हणायची. परक्या बाईसमोर काय काय बोलले मी त्या पोरीला.

आता तूच सांग. चिरंजीवाला मशीन सुरू झालं एवढंच कळवलं तर? दुरुस्तीवाल्याने काढलं म्हणता येईल. तारा कुणाच्या हे कोण विचारायला बसलंय? हा गुंडा मी केराच्या टोपलीत टाकला की संपलं. झाकली मूठ राहील.

ताई

---

२५ फेब्रुवारी

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

गुंडा टाकू नकोस. का ते सांगतो. हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही.

पंपघरात दुसऱ्या पाळीला माझा एक जोडीदार होता. डाव्या हाताने काम करायचा म्हणून आम्ही त्याला डावरा म्हणायचो. एका उन्हाळ्यात तीन नंबरचा पंप बसला, अर्ध्या गावाला दोन दिवस पाणी नाही, मग दुसऱ्या पंपावर भागवलं. साहेबांनी विचारलं तेव्हा मी सांगून मोकळा झालो की डावरा झाकण उघडं टाकून जातो. त्याची बदली लांबच्या टाकीवर झाली, बायकामुलं इथे आणि तो तिथे. तीन महिन्यांनी मी तो पंप पूर्ण उघडला. आतून निळ्या शर्टाची बाही निघाली, बटणासकट. माझ्याच जुन्या शर्टाची. मी तिला हात पुसायचो.

मी ती बाही जाळून टाकली. झाकली मूठ. पुढे बावीस वर्षं दर दिवाळीला वाटायचं, त्याला दोन ओळी लिहाव्यात, आणि काही ना काही सबब काढून ढकलत राहिलो. पत्ता माहीत होता, हात धड होते. गेल्या वर्षी कळलं की तो गेला. आता लिहून कुणाला पाठवू? तुला पंप दुरुस्त करायला शिकवता येतं मला, हे दुरुस्त करायला येत नाही.

तुझी सून जिवंत आहे आणि बाजाराच्या पलीकडे राहते. फोन करू नकोस. फोनवर तू तिसऱ्या वाक्याला भांडतेस. कागदावर लिही, तारांसकट सगळं लिही, आणि "पण तूही" हे दोन शब्द कुठेही येऊ देऊ नकोस.

मशीनचं म्हणशील तर दोनतीन दिवसांतून एकदा चालव. पंप नुसता बसून राहिला की पुन्हा अडतो.

हे वाचून तुझ्या मनातून उतरलो असेन तर थोडा उतरू दे, सगळा नको.

खिळ्या

---

१२ मार्च

ती. आईंना शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. सोबतची पुडीही उघडली. यांनी काय आलंय विचारलं, मी म्हटलं मशीन सुरू झालं. बाकीचं यांना तुम्ही सांगा, मी सांगणं बरं दिसत नाही.

आई, तारांचं मला माहीत होतं. दर शनिवारी तुम्ही फिरायला गेलात की मी जाळी काढून चिमट्याने तारा वेचत असे. पंधरा दिवस माझ्या आईकडे राहिले तेवढे शनिवार चुकले. त्या दिवशी शेजारच्या काकूंसमोर हे सांगता आलं असतं. पण मग तुम्ही खाली मान घातली असती, आणि ते मला बघवलं नसतं. म्हणून गप्प बसले. माझंही चुकलं. पहिल्या शनिवारीच तुम्हाला तारा दाखवायला हव्या होत्या.

मशीनमुळे मी गेले नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून मी घासलेला प्रत्येक पेला तुम्ही पुन्हा घासलात. वाटलं, मशीन आणलं तर तुमच्या भेगाळलेल्या बोटांना आराम पडेल, आणि मशीनने धुतलेलं तरी तुम्ही पुन्हा घासणार नाही. तुम्ही ते आधीच घासायला लागलात. तेव्हा मला कळलं की मी काहीही केलं तरी ते तुम्हाला स्वच्छ वाटणार नाही.

तुम्ही लिहिलंत की परत या. आता नाही येणार, आई. इथे माझी भांडी आहेत आणि ती मी धुते तशी धुतली जातात. मला याची सवय लागली आहे. रागाने लिहीत नाही, खरंच.

येत्या रविवारी जेवायला येऊ. बोटांना मलम लावत जा. माझ्यावरचा तुमचा जीव, जो आत्ता पहिल्यांदा कागदावर दिसला, तो राहू द्या.

तुमची,
सून

---

३० मार्च

चि. खिळ्यास अनेक आशीर्वाद.

सगळं लिहिलं होतं. "पण तूही" एकदा लिहून खोडलं, खरं सांगते. तिचं उत्तर सोबत ठेवलंय, वाचून परत पाठव, मला जपून ठेवायचंय.

रविवारी दोघं आली. जेवताना चिरंजीवाला मी स्वतः सांगितलं की तारा माझ्या होत्या. तो हसला, मग तिच्याकडे बघितलं आणि हसायचा थांबला. जेवण झाल्यावर तिने ताटांतलं उष्टं काढलं आणि ती तशीच मशीनमध्ये लावली. माझे हात शिवशिवत होते, मी ते मांडीखाली घालून बसले. तासाभराने दार उघडलं. भांडी स्वच्छ होती, खिळ्या. पहिल्या दिवसापासून स्वच्छच निघत असणार. एका पेल्यावर थेंबाचा डाग होता. तो मी तसाच कपाटात ठेवला. तिने ते पाहिलं आणि कपाटाचं दार लावून घेतलं. पाच वाजता गेली. पुढच्या रविवारी येऊ म्हणाली नाही, मीही विचारलं नाही.

घासणी टाकून दिली. शेजारणीलाही बोलावून खरं काय ते सांगितलं. तिला त्या दिवशीचं आठवतच नव्हतं. मी आणि सूनबाई तेवढ्या विसरलो नाही.

मशीन आता छान चालतंय. तू म्हणालास दोनतीन दिवसांनी चालव. पण एका माणसाचं ताट, वाटी, पेला, भरायला आठवडा लागतो. म्हणून मी कपाटातली त्या दोघांची ताटं काढते, स्वच्छच असतात, ती लावून जागा भरते आणि मशीन सुरू करते. पूर्वीही स्वच्छ भांडीच लावायचे मी त्यात. तेव्हा ती दोघं घरात होती.

पत्र पाठवत राहा. जेवढी उरली आहेत तेवढी माणसं मला धरून ठेवायची आहेत.

तुझी ताई