घरच्या शाळेच्या मुख्याध्यापकाचा अर्ज

वडीलधाऱ्या वर्नाताईंना,

धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा, म्हणजे ज्याच्या उंबऱ्याला पुन्हा पाय लावणार नाही असं तुम्ही नऊ वर्षांपूर्वी बजावलं होतंत त्या डेल्बर्टचा, वाकून नमस्कार. (एप्रिलमध्ये तुमच्या बहिणीला, लोर्नाला, मूठमाती द्यायला आलात, पण चर्चमधूनच परत गेलात. शब्द पाळलात, हे मानलं पाहिजे.) तुमचा गुडघा कसा आहे? तुमच्या स्प्रिंगफील्डला थंडी आमच्या डोंगरापेक्षा कमी असते म्हणतात, तरी गुडघ्याला ते कोण सांगणार. इकडे आम्ही दोघं बरे आहोत. बरे म्हणजे जेवतो, झोपतो आणि रविवारी प्रार्थनेला जातो. कोंबड्यांनी अंडी द्यायचं थांबवलं आहे. त्याही दुखवट्यात असाव्यात.

पत्रास कारण केझाया. तुमची भाची आता सोळा वर्षांची झाली. आईला दवाखान्यात पाहिल्यापासून तिच्या मनाने घेतलं आहे की नर्स व्हायचं, आणि ती पोरगी कोणावर गेली आहे ते तुम्हाला ठाऊक आहे, तेव्हा ती होणारच. पण इथल्या नर्सिंग कॉलेजला दाखला मान्यताप्राप्त शाळेचाच लागतो, आणि आमची शाळा म्हणजे आमचं स्वयंपाकघर. टपालाने शिकवणारी एखादी मान्यताप्राप्त शाळा गाठून एक नोव्हेंबरच्या आत नाव घातलं नाही तर पुढचं वर्ष गेलं. एक वर्ष गेलं की ती गावातल्या खाणावळीत ताटं उचलायला लागेल, आणि मग आयुष्यभर तिथेच राहील. मला रात्रंदिवस हीच भीती वाटते, ताई, दुसरं काही सुचत नाही.

मुलांना घरीच शिकवणाऱ्या आमच्यासारख्या घरशाळावाल्यांत रीत आहे की आई शिक्षिका आणि बाप मुख्याध्यापक. अकरा वर्षं मी ‘सायकमोर हॉलो अकादमी’चा मुख्याध्यापक आहे. काम एवढंच, की वर्षाच्या शेवटी लोर्ना प्रगतिपुस्तक पुढे करायची आणि मी ट्रॅक्टरचं तेल हाताला असतानाच सही ठोकायचो. आत काय लिहिलं आहे ते कधी वाचलं नाही. आता शिक्षिका गेली आणि मुख्याध्यापक उरला. ज्याला भूमितीतलं त्रिकोणापलीकडे काही येत नाही अशा माणसाच्या हाती शाळा येण्यापेक्षा माकडाच्या हाती कोलीत येणं परवडलं.

पहिली शाळा सुचवली ऑर्फा टॅकेट बाईंनी. (आमच्या घरशाळा मंडळाच्या अध्यक्षीणबाई. सात मुलं घरी शिकवली, सातही आता घर सोडून लांब गेली आहेत.) माहितीपत्रक गुळगुळीत, वर सोनेरी शिक्का, खाली अमुक-तमुक राष्ट्रीय परिषदेची मान्यता. मी फोन लावला. बाई गोड बोलल्या, मागे एक कुत्रं भुंकत होतं, बाई म्हणाल्या, ‘बिस्किट, गप बस.’ मला बरं वाटलं, घरगुती शाळा दिसते. मग म्हटलं आपण मुख्याध्यापक आहोत, जरा चौकशी करावी, म्हणून त्या राष्ट्रीय परिषदेला फोन लावला, तीन राज्यं पलीकडे. एका भारदस्त आवाजाच्या बाईंनी सांगितलं की ही शाळा देशात अव्वल आहे. तेवढ्यात मागे कुत्रं भुंकलं. मी विचारलं, बाई, तुमच्या कुत्र्याचं नाव काय हो? त्या बेसावध होत्या, ‘बिस्किट’ म्हणून गेल्या. मग फोन ठेवला गेला. माझ्याकडून नव्हे, बिस्किटच्या मालकिणीकडून. ऑर्फाबाईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, ‘डेल्बर्ट, तुझा विश्वासच कमी!’

दुसरी शाळा खरी निघाली. खरी असल्यामुळे तिने छळायला सुरुवात केली. आधीच्या शाळेची कागदपत्रं त्या शाळेच्या मुख्याध्यापकाने मोहोरबंद पाकिटातून थेट पाठवावीत, पालकाच्या हाती देऊ नयेत, असा त्यांचा नियम. आता मी मलाच कागद कसे देऊ नयेत? दोन दिवस विचार करून मी धान्याच्या कोठारात बसलो, मुख्याध्यापक म्हणून पाकीट चिकटवलं, ते घरात न नेता तसंच टपाल कचेरीत नेलं. खिडकीवरच्या माणसाने विचारलं, पाठवणारा कोण? मी म्हटलं, अकादमी. तो मला तीस वर्षं ओळखतो. त्याने टोपी काढली. त्या क्षणी मला रडू आवरेना, ताई, आणि मागे रांगेत चार माणसं होती.

त्यातच एक रकाना होता: पालकांच्या सहकार्याबद्दल मुख्याध्यापकांचं मत. मी खरं तेच लिहिलं. आई, उत्कृष्ट. वडील, निराशाजनक. दुसरा रकाना, शाळा सोडण्याचं कारण. तिथे मी पेन धरून बराच वेळ बसलो, मग केझायाने ते हातातून घेतलं आणि लिहिलं, ‘शिक्षिकेची सेवा समाप्त.’ पोरीची जीभ तुमच्या घराण्याची आहे.

आठवड्याने उत्तर आलं. जीवशास्त्र मान्य. (हरीण सोलणं हे जीवशास्त्र असेल तर जात्यावर बसणं हे संगीत, असं तुम्ही म्हणाला होतात. त्यांनी ते प्रात्यक्षिक म्हणून धरलं, एवढंच कळवतो.) भूमिती मात्र अमान्य, कारण शेवटचे अकरा पेपर तपासलेलेच नाहीत. पेपर त्यांनी परत पाठवले होते, मी ते काढले. लोर्ना हिरव्या शाईने तपासायची. फेब्रुवारीपर्यंत हिरवं आहे आणि पुढे कोरं आहे. मी म्हटलं, आण इकडे, मी तपासतो. केझायाने पेपर छातीशी धरले. ‘बाबा, तुम्ही फक्त सही करायची असते.’ तेव्हापासून आम्ही त्या विषयावर बोललेलो नाही. खरं सांगायचं तर फारसं कशावरच बोललेलो नाही.

असो. तुम्हाला त्रास द्यायचा हेतू नाही, आम्ही आमचं बघून घेऊ. तब्येतीला जपा.

तुमचा,
डेल्बर्ट

ता. क. तुम्ही पाठवलेल्या पीचच्या मुरंब्याच्या बरण्या रिकाम्या झाल्या आहेत. धुऊन ठेवल्या आहेत. कोणी न्यायला आलं तर बरं होईल.

ता. क. २. बघून घेऊ असं वर लिहिलं आहे ते खोटं आहे. तुम्ही तीस वर्षं सरकारी शाळेत भूमिती शिकवलीत. नऊ वर्षांपूर्वी तुम्ही म्हणालात की पोरीला निदान वरच्या वर्गांना तरी दाखला मिळेल अशा शाळेत घाला, तेव्हा ‘आमच्या घरात सरकारी मास्तरणीचं काम नाही’ असं लोर्ना म्हणाली नव्हती. तिचं नाव पुढे करून मी म्हणालो होतो. ती स्वयंपाकघरात होती आणि तिने पाणी सोडून ठेवलं होतं, ऐकू येऊ नये म्हणून. चूक माझी होती.

ता. क. ३. हे पत्र पाकिटात घालण्यासाठी लोर्नाच्या खणात पाकीट शोधत होतो. तिथे याच शाळेचा अर्ज सापडला, गेल्या वर्षीच्या मार्चमधला, तिच्या अक्षरात पूर्ण भरलेला. मी सहा आठवडे जे शोधत होतो ते तिने दीड वर्षापूर्वी शोधून ठेवलं होतं, आणि मला सांगायची तिची हिंमत झाली नव्हती. पर्यवेक्षक शिक्षक म्हणून आईबाप सोडून परवानाधारक व्यक्ती हवी, त्या रकान्यात तिने तुमचं नाव लिहिलं आहे. दोनच सह्या राहिल्या होत्या. मुख्याध्यापकाची मी आज केली, या वेळी वाचून. दुसरीसाठी अर्ज सोबत जोडला आहे. पेपर टेबलावर आहेत, शेजारी तिचं हिरवं पेन आहे. शाई अजून ओली आहे, मी पाहिलं.